संगणकाची प्रणाली बंद झाली. संस्थेच्या दप्तराचे काय?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. ही बातमी पुण्या-मुंबईच्या मोठ्या कचेऱ्यांची, आपला तिच्याशी काय संबंध, असे अनेकांना वाटले असेल. पण तुमच्या गावच्या दूध संस्थेत जाऊन बघा. वजनकाटा आणि फॅट मशीन ज्या संगणकाला जोडले आहे, तो कोणत्या प्रणालीवर चालतो? काही ठिकाणी विंडोज १० आहे, काही ठिकाणी विंडोज ७, आणि कोपऱ्यात एखादा विंडोज एक्सपीवाला संगणकही धूळ खात का होईना, पण रोज काम करतो आहे. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी संपली. म्हणजे हा प्रश्न आजचा नाही. तो साचत आलेला आहे.

सचिवांना विचारले तर उत्तर ठरलेले असते, “चालतंय की! बंद पडल्यावर बघू.” हे उत्तर अगदीच चुकीचे नाही. देखभाल संपली म्हणून संगणक त्या दिवशी बंद पडत नाही. पण बंद पडल्यावर बघायला गेलो, तर तेव्हा बघण्यासारखे काही शिल्लक राहील का, हा खरा सवाल आहे.

जुनी नोंद कधी लागेल, सांगता येत नाही

संगणक संस्थेचा असला तरी त्यातली नोंद सभासदाची असते. दोन उदाहरणे आठवा.

२०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात उचललेले अल्पमुदतीचे पीककर्ज आणि त्याची ३० सप्टेंबर २०१९ ची थकबाकी पाहिली गेली. मर्यादा दोन लाखांची होती. पुढे २०२२ मध्ये नियमित परतफेड करणाऱ्यांसाठी ५० हजारांपर्यंतच्या प्रोत्साहनपर रकमेचा निर्णय झाला, तेव्हा २०१७-१८, २०१८-१९ आणि २०१९-२० या वर्षांची परतफेड तपासली गेली. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही सोसायटीत पैसे भरले, त्या दिवशीच्या नोंदीला चार-पाच वर्षांनी किंमत आली. ती नोंद ज्या संगणकात होती तो मधल्या काळात भंगारात गेला असता आणि कागदही सापडला नसता, तर सभासदाने काय दाखवायचे?

दूध उत्पादकाचेही तसेच. दहा दिवसांचे बिल, त्यातली पशुखाद्याची कपात, ॲडव्हान्स, वर्षअखेरीचा बोनस किंवा दरफरक हे सगळे मागच्या नोंदींवर ठरते. कृषी सेवा केंद्राच्या बाबतीत बियाणे उगवले नाही तर तक्रारीला पावती आणि लॉट नंबर लागतो. पावती पावसात भिजली, तर आधार दुकानदाराच्या विक्री नोंदीचाच.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला आपल्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे. पण संगणकच उघडत नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.

‘देखभाल संपली’ म्हणजे नक्की काय?

शेताला कुंपण असते, तसे संगणकाच्या प्रणालीला असते. कुंपणाला कुठे ना कुठे भगदाडे पडतातच. कंपनी दर महिन्याला ती शोधून बुजवते, आणि त्या दुरुस्त्या इंटरनेटवरून आपल्या संगणकात येतात. देखभाल संपली, की हे बुजवणे थांबते. चोराला मात्र भगदाड शोधायला कोणी मनाई केलेली नसते.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. तो संगणकातल्या फायली कुलूपबंद करायचा आणि सोडवण्यासाठी ३०० डॉलर मागायचा. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांचे काम त्याने विस्कळीत केले. लक्षात घेण्यासारखी बाब ही, की त्या भगदाडाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. विंडोज एक्सपीची देखभाल तर तीन वर्षांपूर्वीच संपली होती. त्यासाठी कंपनीला व्हायरस पसरल्यानंतर अपवाद म्हणून दुरुस्ती काढावी लागली. असा अपवाद दर वेळी होईल, या भरवशावर दप्तर ठेवता येणार नाही.

पैसे भरून जादा मुदत घेण्याची सोय कंपनीने विंडोज १० साठी ठेवली. संस्थांसाठी पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर, नंतर दरवर्षी दुप्पट, आणि तेही जास्तीत जास्त तीन वर्षे, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंत. तिन्ही वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात. लहान संस्थेने एवढी रक्कम जुन्या यंत्रावर घालण्याआधी दोनदा विचार करावा. ही मुदतवाढ झाली, उपाय नव्हे.

नवा संगणक आणला तर अडते कुठे?

“मग नवा संगणक घेऊन टाका,” असे दुकानदार सांगतो. नव्या संगणकावर विंडोज ११ येते. जुन्या संगणकावर ते सहसा बसत नाही, कारण त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक संगणक या अटीत बाद होतात. पण संगणक नवा आणला तरी जुने सॉफ्टवेअर त्यावर चालेलच असे नाही. अडचणी चार ठिकाणी येतात.

पहिली अडचण डॉसच्या काळातील प्रोग्रामची. नव्वदच्या दशकात अनेक संस्थांनी फॉक्सप्रो किंवा क्लिपरमध्ये हिशेबाचे प्रोग्राम करून घेतले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, माऊसचे नाव नाही, पण काम चोख. हे प्रोग्राम १६ बिटचे आहेत. ३२ बिटच्या विंडोजवर ते चालत. विंडोज १० पर्यंत ३२ बिटची आवृत्ती मिळत होती. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये आहे, आणि त्यावर १६ बिटचा प्रोग्राम थेट चालतच नाही. त्यात तुमची किंवा दुकानदाराची चूक नाही. रचनाच तशी आहे.

त्यानंतरच्या काळातले व्हिज्युअल बेसिक ६ किंवा व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये केलेले ३२ बिटचे प्रोग्राम मात्र बहुतेक वेळा विंडोज ११ वरही चालतात. म्हणून “जुने आहे, टाकून द्या” असे कोणी सांगितले, तर आधी चालवून दाखवायला सांगा.

दुसरी अडचण जोडणीची. वजनकाटा आणि फॅट मशीन पूर्वी नऊ पिनांच्या सिरियल पोर्टला जोडलेले असे. नव्या संगणकाला तो पोर्ट नसतो. मग यूएसबीची कन्व्हर्टर केबल आणावी लागते. इथे फसगत होते. प्रोलिफिक कंपनीच्या काही जुन्या चिप असलेल्या केबलना नव्या विंडोजमध्ये ड्रायव्हर मिळत नाही. केबल लावली तरी संगणक काट्याचे वजन वाचत नाही, आणि दोष मात्र काट्यावर येतो. केबल घेताना “विंडोज ११ वर चालते का” हे विचारून, लावून बघून मगच पैसे द्या.

तिसरी अडचण छपाईची. डॉसचे प्रोग्राम रुंद पिनांच्या प्रिंटर पोर्टवर थेट छापतात. नव्या यूएसबी प्रिंटरची त्यांना ओळखच नाही. त्यावर तोडगा निघतो, पण जाणकार माणूस लागतो.

चौथी अडचण खास आपल्या मराठीची. युनिकोड रूढ होण्याआधी प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळा होता. डॉसवर मराठी उमटण्यासाठी सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवावे लागे. त्या काळातली सभासदांची नावे नव्या संगणकावर उघडली, की चित्रविचित्र चिन्हे दिसतात. माहिती गेलेली नसते, फक्त लिपीची किल्ली बदललेली असते. ती युनिकोडमध्ये फिरवून घेता येते. पण जोडाक्षरे आणि रफार हटकून चुकतात, म्हणून प्रत्येक नाव सभासद नोंदवहीशी ताडून पाहावे. नाव चुकले, तर पुढे आधारशी आणि बँक खात्याशी मेळ बसत नाही आणि हेलपाटे सभासदाला पडतात.

समोर तीन वाटा

पहिली वाट म्हणजे जुना संगणक आहे तसा ठेवायचा, पण त्याचे इंटरनेट तोडायचे. केबल काढा, वायफाय बंद करा. “मग ऑनलाइन कामे कशी करायची?” असा प्रश्न येईल. त्यासाठी दुसरा संगणक ठेवा. ज्यावर ई-मेल उघडतो, त्यावर संस्थेचा जुना हिशेब ठेवायचा नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्मा धोका टळतो. पेन ड्राइव्हनेही व्हायरस येतो, म्हणून त्या संगणकासाठी एकच पेन ड्राइव्ह राखून ठेवा. त्यावर गाणी आणि लग्नाचे फोटो नकोत.

ही वाट स्वस्त आहे, पण तात्पुरती. यंत्र म्हातारे होतच असते. जुन्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, क्रमांक सीआर २०३२. तो संपला, की वीज गेल्यावर संगणकाची तारीख मागे जाते. सकाळी घाईत कोणी पाहिले नाही, तर दुधाची नोंद वीस वर्षांपूर्वीच्या तारखेला पडते आणि बिलात येत नाही. सेल किरकोळ किमतीचा आहे, तो बदलून घ्या आणि रोज काम सुरू करताना तारीख पाहण्याची सवय लावा.

दुसरी वाट म्हणजे नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक चालवायचा. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रामने नव्या संगणकावर एका खिडकीत जुने विंडोज बसवता येते, आणि त्यात जुना प्रोग्राम चालतो. त्याचा मोठा फायदा हा, की तो सबंध ‘जुना संगणक’ एका फायलीसारखा उचलून दुसरीकडे जपून ठेवता येतो. जुन्या विंडोजचा परवाना मात्र संस्थेकडे असावा, आणि त्या आतल्या संगणकालाही इंटरनेट देऊ नये. केवळ डॉसचा प्रोग्राम असेल, तर डॉसबॉक्स किंवा व्हीडॉस यांवरही तो चालू शकतो. डॉसबॉक्स मुळात जुने खेळ चालवण्यासाठी केलेला आहे. म्हणून हिशेबासाठी वापरण्याआधी छपाई नीट होते का, दोन जणांनी एकाच वेळी नोंद केली तर गोंधळ होतो का, हे तपासा.

तिसरी वाट म्हणजे नवे सॉफ्टवेअर घ्यायचे. विविध कार्यकारी सोसायट्यांसाठी केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाचा प्रकल्प मंजूर केला. त्या वेळी ६३ हजार संस्था आणि २,५१६ कोटी रुपये खर्च असे त्याचे स्वरूप होते. सर्व सोसायट्या एकाच राष्ट्रीय सॉफ्टवेअरवर आणायच्या, आणि त्याचे काम नाबार्डकडे, अशी त्याची रचना आहे. सोसायट्यांची वाट त्यामुळे आखलेली आहे. गावातल्या दूध संस्था, बिगरशेती पतसंस्था आणि खाजगी कृषी सेवा केंद्रे त्या प्रकल्पात नाहीत. त्यांना स्वतःच निर्णय करावा लागेल.

माझ्या मते लहान संस्थेने पहिल्या वाटेने वेळ मिळवावा आणि त्या वेळात तिसऱ्या वाटेची तयारी करावी. दुसरी वाट जुन्या नोंदी पाहण्यासाठी ठेवावी. सोसायटी नव्या सॉफ्टवेअरवर गेली, म्हणून जुना संगणक भंगारवाल्याला देण्याची घाई करू नये. नव्यात बहुधा शिल्लक रकमा जातात. मागच्या दहा वर्षांतील एक-एक भरणा जातोच असे नाही. आणि कर्जमुक्तीच्या वेळी नेमका तोच लागतो, हे वर पाहिले.

आधी दप्तर बाहेर काढा

कोणतीही वाट धरा, पण पहिले काम एकच आहे. संगणक सुरू आहे तोवर त्यातली माहिती कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढा. फॉक्सप्रो, क्लिपरची माहिती डीबीएफ नावाच्या फायलींत असते. प्रोग्राम चालत नसला, तरी या फायली लिब्रेऑफिस या मोफत प्रोग्राममध्ये तक्त्यासारख्या उघडतात. म्हणजे प्रोग्राम मेला तरी माहिती जिवंत राहू शकते. ज्याने प्रोग्राम केला तो पोरगा गाव सोडून पुण्याला गेला, आता काहीच होणार नाही, असे म्हणून हातपाय गाळण्याचे कारण नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा :

१) संपूर्ण फोल्डरची नक्कल दोन वेगळ्या डिस्कवर घ्या. एक संस्थेत, दुसरी दुसऱ्या ठिकाणी, शक्यतो तिजोरीत. दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये ठेवल्या तर आगीत किंवा पुरात दोन्ही जातील.

२) नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेली नक्कल म्हणजे उगवण न तपासलेले बियाणे.

३) प्रत्येक वर्षाची सभासदवार शिल्लक यादी, खतावणी आणि किर्द छापून घ्या. त्यावर सचिवांची सही आणि लेखापरीक्षित आकड्याशी मेळ हवा.

४) प्रोग्राम करणाऱ्याचा ठावठिकाणा असेल, तर त्याच्याकडून पासवर्ड आणि सोर्स कोड लेखी मागून घ्या. सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामची मूळ संहिता. ती नसेल तर पुढे त्यात बदल करता येत नाही.

५) नवे सॉफ्टवेअर सुरू केल्यावर जुने लगेच थांबवू नका. दूध संस्थेने निदान दोन बिले दोन्हीकडे काढावीत आणि पैशापर्यंत ताळा जुळवावा. दर, फॅट-एसएनएफचा तक्ता आणि कपात यांतच फरक सापडतात.

६) बदलाची वेळ नीट निवडा. दूध संस्थेने पुष्टकाळात, संकलन भरात असताना हात घालू नये. उन्हाळ्याचा कृशकाळ बरा. सोसायटीने मार्चअखेरच्या धांदलीत बदल टाळावा.

करारात एक ओळ हवीच

आताची नवी सॉफ्टवेअर बहुतेक भाड्याची असतात. माहिती कंपनीच्या संगणकावर आणि आपण दरवर्षी पैसे भरायचे. यात प्रणाली जुनी होण्याची डोकेदुखी कमी होते, हे खरे. पण कंपनी बंद पडली किंवा भाडे दुप्पट झाले, तर जुन्या संगणकासारखीच अडचण नव्या वेषात येते. म्हणून करारात स्पष्ट लिहून घ्या, “माहिती संस्थेच्या मालकीची आहे. संस्था मागेल तेव्हा, आणि करार संपताना, ती सर्व वाचता येईल अशा तक्त्यांच्या स्वरूपात विनाअट द्यायची.” जो विक्रेता ही ओळ घालायला नाही म्हणतो, त्याच्याशी व्यवहार करू नये.

सभासदांनी काय करावे?

हा विषय एकट्या सचिवावर ढकलून चालणार नाही. तुटपुंज्या पगारावर तो वजन घेतो, बिल काढतो, ऑडिट सांभाळतो. संगणकासाठी खर्च मंजूर करणे त्याच्या हातात नाही. तो निर्णय संचालक मंडळाचा आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्या सभेत हात वर करून तीन प्रश्न विचारा. संस्थेच्या संगणकावर कोणती प्रणाली आहे आणि तिची देखभाल सुरू आहे का? नोंदींची नक्कल शेवटची कधी घेतली आणि कोणी उघडून पाहिली? हा संगणक उद्या सकाळी सुरू झाला नाही, तर दहा दिवसांचे बिल कशावरून काढणार?

तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळाले नाही, तर त्याच सभेत खर्चाची तरतूद करून घ्या. आणि सभा होईपर्यंत आपापले पासबुक भरून घ्या, दुधाच्या स्लिपा आणि भरणा पावत्या एका पिशवीत घालून ठेवा. कडब्याची गंज आपण पावसाळ्याआधी शाकारतो, पाऊस सुरू झाल्यावर नाही. दप्तराचेही तसेच करावे.